भुंगेरे वेचा, पण सहा ठिपक्यांचा सोडून द्या



रोहिणीचा एखादा चांगला पाऊस पडला, की आम्हा शेतकी खात्याच्या माणसांचे गावोगाव एकच सांगणे सुरू होते. हुमणीचे भुंगेरे वेचा आणि मारा. मी दर वर्षी हे सांगत आलो आहे आणि आजही सांगणार आहे. पण आज त्याला एक पुस्ती जोडायची आहे. कोणता भुंगेरा मारायचा आणि कोणता सोडायचा, हे आधी नीट ओळखून घ्या. ओळख न पटवता मारत सुटलो, तर चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्यासारखे होते. ही गोष्ट मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्याच चुकीतून शिकलो. ती चूक पुढे सांगतो. त्याआधी हुमणीविषयी थोडे बोलू.

हुमणी तुम्हाला नवी नाही. ऊस, भुईमूग, ज्वारी, हळद अशा पिकांची मुळे ती खाते. पाऊसपाणी बरे असताना उसाचे बेट पिवळे पडते, वाळू लागते आणि हाताने ओढले की अल्लद उपटून येते. खाली उकरून पाहावे तर पांढरी, जाडजूड, अर्धचंद्रासारखी वाकलेली अळी सापडते. अळी एकदा मुळाशी जाऊन बसली की तिच्यापर्यंत औषध पोचवणे अवघड होते. म्हणून तिच्या आईबापालाच आधी गाठायचे. पहिल्या पावसानंतर अंधार पडला की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघतात. कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात, पाला खातात, तिथेच नर-मादी एकत्र येतात आणि पहाटेच्या आत पुन्हा मातीत शिरतात. एक मादी पन्नास-साठ अंडी घालते. हिशेब तुम्हीच करा. आज एक मादी मारली तर श्रावणात किती अळ्या कमी होतील? आणि हे काम साऱ्या गावाने एकाच वेळी केले तरच त्याचा उपयोग. एकट्याने केले तर शेजारच्या शिवारातले भुंगेरे उडून येतात.

आता माझी चूक सांगतो.

गोष्ट २०१८ सालची, जूनच्या पहिल्या आठवड्यातली. माझ्या कार्यक्षेत्रात एक गाव आहे. निम्मे शिवार माळाचे, निम्मे विहिरीच्या पाण्यावर भिजणारे. आदल्या वर्षी तिथे हुमणीने उसाचे फार नुकसान केले होते. म्हणून मी चावडीवर सभा घेतली आणि जरा जोरातच बोललो. म्हटले, "मंडळी, भुंगेरा दिसला की मारायचा. एकही सोडायचा नाही." शाळेला सुट्टी होती. पोरांना हुरूप यावा म्हणून मी जाहीर केले, की जो सर्वांत जास्त भुंगेरे आणील त्याला वह्या आणि कंपासपेटी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरे डबे घेऊन हजर. त्यातला एक पाचवीतला पोरगा तेलाचा रिकामा डबा घेऊन आला. डबा ओतला. वर तांबूस-तपकिरी भुंगेरे होतेच, पण तळाशी निघाले अकरा मोठे, काळेभोर भुंगे. प्रत्येकाच्या पाठीवर पांढरे ठिपके. पोरगा मोठ्या ऐटीत म्हणाला, "साहेब, हे बगा. हे भुंगेऱ्यांचे राजे हायेत."

मी शेतकीचा पदवीधर. तरीही त्या क्षणी मी ते अकराही भुंगे मोजणीत धरले आणि बक्षीस त्यालाच दिले. तेवढ्यात माझ्या लक्षात आले, की पोराचा एक डोळा लालभडक झाला आहे आणि सारखा गळतो आहे. विचारले तर म्हणाला, "रातीच्याला त्याला धराय वाकलो, तर त्यानं मागनं पिचकारी मारली. लई आग झाली."

त्याची आजी शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "साहेब, एक इचारू का? तुमी झाडावरचा भुंगेरा मारा म्हनला. आन् हे तर झाडावर कदी चढतच न्हाई. उडतबी न्हाई. रातचं दारं धराय गेलं की बांधाच्या कडंनं तुरुतुरु पळताना दिसतंय. ह्यानं पीक खाल्ल्यालं मी तरी कदी बघितलं न्हाई."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. पोराचा डोळा स्वच्छ पाण्याने धुवून घेतला आणि त्याला माझ्याच गाडीवरून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. देवाची कृपा, दोन-तीन दिवसांत डोळा बरा झाला. त्या संध्याकाळी मी कॉलेजातल्या कीटकशास्त्राच्या वह्या काढल्या, त्या भुंग्याचा फोटो माझ्या जुन्या सरांना पाठवला. सरांचा फोन आला. म्हणाले, "अरे, हा तर शिकारी भुंगा. शेतकऱ्याचा मित्र. तू मित्रालाच मारून बक्षीस दिलेस होय?"

बंधूंनो, तोच हा भुंगा. शास्त्रात त्याला अँथिया सेक्सगुट्टाटा म्हणतात. त्या नावाचा अर्थ सहा थेंबांचा. १७७५ साली फॅब्रिशियस नावाच्या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने त्याची नोंद केली. म्हणजे शास्त्राला तो अडीचशे वर्षांपासून ठाऊक आहे, पण आपल्या शिवारात त्याला धड नाव नाही. आपण त्याला सहा ठिपक्यांचा भुंगा म्हणू. जमिनीवर पळून शिकार करणाऱ्या भुंग्यांचे एक भले मोठे कूळ आहे. जगभरात त्याच्या चाळीस हजारांच्या आसपास जाती आहेत. त्यातलाच हा आपल्या दख्खनच्या कोरड्या माळावरचा, झुडपी रानातला आणि तालीबांधावरचा रहिवासी.

तो ओळखायचा कसा? फार सोपे आहे. लांबी सुमारे ४ सेंटिमीटर, म्हणजे दीड इंचाच्या आसपास. रंग काळा. पाठीवर फाशावरच्या सहाच्या दानासारखे सहा पांढरट ठिपके. त्यातले दोन पुढे छातीवर आणि चार मागच्या कवचावर. तोंडाला पुढे आलेले मजबूत जबडे, मिशा दोऱ्यासारख्या आणि पाय लांब. हाकलला की जमिनीवरून वेगाने पळतो.

आता हुमणीचा भुंगेरा त्याच्या शेजारी ठेवून बघा. तो आकाराने जवळजवळ निम्मा, २ सेंटिमीटरच्या आसपास. रंग तपकिरी किंवा विटकरी. पाठीवर ठिपके नाहीत. मिशांची टोके छोट्या पंख्यासारखी उघडतात. चाल सुस्त, पण पंख आहेत. दिव्यावर भिरभिरत येतो आणि थडाथडा आपटतो. मुक्काम झाडावर, खाणे पाला.

एवढे सारे ध्यानात राहणार नसेल, तर त्या आजीबाईंनी सांगितलेली खूण धरा. झाडावर बसलेला, फांदी हलवली की पडणारा तपकिरी भुंगेरा वेचायचा. जमिनीवर पळणारा काळा, ठिपक्यांचा भुंगा सोडायचा.

आता तुम्ही म्हणाल, "साहेब, हा सोडला तर आमचा फायदा काय?" रास्त प्रश्न आहे. हा भुंगा दिवसा दगडाखाली, भेगांत, बिळांत दडून असतो. रात्री बाहेर पडतो आणि जमिनीवर जे सापडेल त्याची शिकार करतो. अळ्या, किडे, नाकतोडे असे सारे त्याला चालते. पिकाचे पान तो खात नाही. रोपे बुंध्याशी कुरतडणारी अळी दिवसा मातीत असते आणि रात्री वर येते. फवारा आपण सकाळी मारतो, ती रात्री येते. पण या राखणदाराची पाळीच रात्रीची. सरांच्या फोननंतर मी एक भुंगा बरणीत ओली माती घालून दोन दिवस ठेवला होता. संध्याकाळी दोन लठ्ठ अळ्या टाकल्या. सकाळी त्यांची नुसती कातडी उरली होती. तिसऱ्या दिवशी तो होता तिथे, बांधावर सोडून आलो.

एक गोष्ट मात्र खरी सांगतो. हा भुंगा एकटा तुमची हुमणी संपवील, असे कोणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका. तो काही औषधाचा डबा नाही. पक्षी, बेडूक, सरडे, कोळी, मित्रकीटक आणि हा भुंगा असे सारे मिळून किडीला आळा घालतात. या राखणदारांपैकी एकेक आपल्या हाताने कमी केला, तर त्याचे काम आपल्याला पैसे देऊन करून घ्यावे लागते.

आणि या भुंग्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. त्याला उडता येत नाही. पाठीवर कवच दिसते, पण त्याखाली उडायचे पंख नाहीत. हुमणीचा भुंगेरा आज तुमच्या शिवारात मारला तर उद्या शेजारच्या गावातून उडत येतो. हा मात्र एकदा बांधावरून नाहीसा झाला की पायी चालत येईल तेव्हाच. मध्ये रस्ता आहे, ओढा आहे, नांगरलेली रिकामी राने आहेत. किडीला परत यायला एक रात्र पुरते, राखणदाराला कित्येक वर्षे लागतात. म्हणून एक हुमणीचा भुंगेरा मारायचा राहून गेला तर वाईट वाटून घेऊ नका, पण हा एक मारला गेला तर जरूर वाईट वाटू द्या.

भातवाल्या बंधूंसाठीही एक शब्द. याच कुळातला एक चिमुकला भुंगा भातखाचरात असतो. निळसर काळा आणि तांबूस, अंगाने बारीक, लांबून मोठ्या मुंगीसारखा दिसणारा. पाने गुंडाळणाऱ्या अळीच्या गुंडाळीत शिरून तो अळी खातो, तुडतुडेही खातो. गुंडाळीत तो दिसला तर त्यालाच चोर समजू नका.

आता त्या पिचकारीविषयी. ठिपक्यांचा भुंगा मित्र असला तरी त्याला हातात घेऊ नये. त्रास दिला, पकडले, दाबले तर तो शरीराच्या मागच्या टोकातून झोंबणारे पाणी उडवतो. त्यात फॉर्मिक आम्ल असते. झाडावरच्या तांबड्या ओंबिलांच्या अंगातही हेच आम्ल असते. कातडीला लागले तर आग होते आणि डोळ्यात गेले तर इजा होऊ शकते. तसे झाले तर डोळा चोळू नका. स्वच्छ पाण्याची बारीक धार धरून निदान पंधरा मिनिटे डोळा धुवा. दूध, तूप, मध, पाल्याचा रस यातले काहीही डोळ्यात घालू नका. आणि लगेच दवाखाना गाठा. पण यावरून हा विषारी म्हणून त्याला ठेचू नका. तो आपणहून अंगावर येत नाही. पिचकारी हे त्याचे स्वतःला वाचवायचे हत्यार आहे. बांधावर दिसला तर पायाने वाट मोकळी करून द्या, एवढेच.

आता भुंगेरे वेचायची रीत सांगतो, म्हणजे चोरही सापडेल आणि राखणदारही वाचेल.

पहिला चांगला पाऊस झाला की साऱ्या गावाने मिळून संध्याकाळ ठरवावी. कडुनिंब आणि बाभळीखाली ताडपत्री किंवा जुने लुगडे पसरावे. अंधार पडल्यावर बांबूच्या आकडीने फांद्या हलवाव्यात. ताडपत्रीवर जे पडेल तेच वेचावे, आजूबाजूला जमिनीवर पळणाऱ्यांच्या मागे लागू नये. वेचलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. रॉकेल आता सहज मिळत नाही. तेव्हा साबणाचे दाट पाणी केले तरी चालते. पोरांना बरोबर नेले तर मोठ्या माणसाने पुढे राहावे आणि पोरांच्या हाती चिमटा द्यावा. पाऊस पडेल तशी ही मोहीम काही दिवस चालू ठेवावी.

प्रकाश सापळा लावत असाल तर दिव्याखालचे पाण्याचे घमेले जमिनीत पुरू नका किंवा जमिनीलगत ठेवू नका. चार विटा रचून त्यावर ठेवा. उडणारे भुंगेरे वरून पडतील, पण उजेडाखालचे किडे टिपायला आलेला ठिपक्यांचा भुंगा त्यात बुडणार नाही.

उन्हाळी नांगरट जरूर करा. तिने हुमणी उघडी पडते आणि पक्षी टिपतात. पण नांगर बांधाच्या पोटात घालू नका. हातभर गवताची पट्टी राहू द्या. बांधावरचे गवत आणि पाचट पेटवण्याची आपल्याकडे सवय आहे, ती सोडा. एका काडीने दगडाखालचा सारा संसार जळून जातो.

आणि औषधांबद्दल. आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळात गॅमेक्झीनची पूड साऱ्या रानात धुरळली जाई. ती १९९७ साली बंद झाली. पुढे हुमणीसाठी फोरेटचे दाणे शेतभर फेकले जात. त्यांच्यावरही २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. कोणाच्या कोठीत जुनी थैली पडून असेल तर ती वापरू नका. अशा औषधांना चोर आणि राखणदार यातला फरक कळत नव्हता. आज जे औषध मान्य आहे, ते डब्यावर लिहिलेल्या पिकासाठी, लिहिलेल्या प्रमाणातच वापरा आणि शेतभर फेकण्याऐवजी पिकाच्या मुळाशी द्या. अळी लहान असताना, म्हणजे पावसाळ्याच्या पहिल्या भागात, मेटारायझियम ही बुरशी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ओलाव्यावर द्या. त्यासाठी आपल्या कृषी कार्यालयात चौकशी करा.

आता शेवटची गोष्ट सांगून थांबतो. त्या सभेनंतर आठवड्याने मी पुन्हा त्याच चावडीवर गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितले, "मंडळी, चूक माझी होती. पोराची नव्हे." पोराने बक्षीस परत आणले होते. मी ते घेतले नाही. मग आम्ही दोघे रात्री बॅटरी घेऊन त्या बांधावर गेलो, जिथून त्याने ते अकरा वेचले होते. एकही दिसला नाही. पुढच्या पावसाळ्यात गेलो, तेव्हाही नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. चौथ्या पावसाळ्यात, मृगाचा पाऊस उघडल्यावर, तालीच्या दगडाखालून एक भुंगा निघाला. पाठीवर सहाचे दान. बॅटरीच्या उजेडात क्षणभर थांबला आणि गवतात पळाला. पोरगा माझा हात दाबून हळूच म्हणाला, "साहेब, आला." आजीबाई आता थकल्या आहेत, पण दुसऱ्या दिवशी त्यांना सांगितले तेव्हा त्या नुसत्या हसल्या. म्हणाल्या, "मग आता कुनाला मारू देऊ नगासा."

तो पोरगा आता कॉलेजात जायच्या वयाचा झाला आहे. दर जूनला गावातल्या लहान पोरांना भुंगेरे ओळखायला तोच शिकवतो.

तेव्हा बंधूंनो आणि भगिनींनो, यंदा भुंगेरे वेचायला निघालात की एवढे ध्यानात ठेवा:

१. पहिल्या पावसानंतर साऱ्या गावाने एकाच वेळी हुमणीचे भुंगेरे वेचावेत.

२. झाडावरचा तपकिरी, बिनठिपक्यांचा वेचावा. जमिनीवर पळणारा काळा, सहा ठिपक्यांचा सोडावा.

३. ठिपक्यांच्या भुंग्याला हात लावू नये. पिचकारी डोळ्यात गेल्यास पंधरा मिनिटे पाण्याने धुवून दवाखान्यात जावे.

४. प्रकाश सापळ्याचे घमेले विटांवर उंच ठेवावे.

५. बांध पेटवू नये, बांधालगत गवताची पट्टी राखावी.

६. बंदी घातलेली जुनी औषधे वापरू नयेत. मान्य औषध मुळाशी आणि प्रमाणातच द्यावे.

७. ओळख पटत नसेल तर मारण्याआधी मोबाईलवर फोटो काढून कृषी कार्यालयात दाखवावा.

यंदाचा पाऊस तुम्हा सर्वांना सुखाचा जावो. नमस्कार.